पियानोच्या पट्ट्या पिवळ्या पडल्यात? बदलण्याआधी हे तपासा

पिंपरी-चिंचवड ते चाकणच्या कारखान्यांमध्ये प्लास्टिकचे सुटे भाग साच्यातून एकसारखे बाहेर पडतात आणि गाडीत थेट बसतात. पियानोच्या पट्टीचं तसं नाही. वरचं आवरण तयार मिळतं, पण ते बसवायला कानस आणि सरावलेला हात लागतो. शिवाय घाईत काढून टाकलेलं जुनं आवरण पुन्हा मिळेलच असं नाही.

पट्टीवर नेमकं काय असतं?

पियानोला 88 पट्ट्या असतात: 52 पांढऱ्या, 36 काळ्या. पट्टी लाकडाची असते, पांढरेपणा वरच्या पातळ आवरणाचा. जुन्या पियानोंवर ते हस्तिदंताचं किंवा सेल्युलॉइडचं असू शकतं. संगीत नाटकांच्या साथीला असणाऱ्या जुन्या ऑर्गनवरही सेल्युलॉइड दिसतं. आता प्लास्टिक वापरतात.

ओळखायचं कसं?

हस्तिदंताचं आवरण सहसा दोन तुकड्यांचं असतं. काळी पट्टी जिथे सुरू होते, तिथे बारीक सांध्याची रेघ दिसते. प्लास्टिक अखंड असतं. गरम सुई टोचून पाहू नका. सेल्युलॉइड झटकन पेट घेतं.

कायदा काय सांगतो?

वन्यजीव संरक्षण कायद्यात 1986 मध्ये झालेल्या दुरुस्तीने भारतीय हस्तिदंताचा व्यापार बंद झाला, 1991 मध्ये आफ्रिकी हस्तिदंताचाही. त्यामुळे तुटलेल्या तुकड्याच्या जागी नवा हस्तिदंत विकत घेता येत नाही. असा पियानो विकायचा असेल, तर आधी वनविभागाकडे चौकशी करावी.

बदलण्याचं काम कसं होतं?

खरं कौशल्य जाडी सांभाळण्यात आहे. हस्तिदंत साधारण 1 मिलिमीटर जाड असतो, प्लास्टिक बहुधा त्याहून जाड. तेवढं लाकूड आधी तासलं नाही, तर पांढऱ्या पट्ट्या उंच होतात, काळ्या बुटक्या वाटतात आणि वाजवणाऱ्याची बोटं अडखळतात.

म्हणून कारागीर प्रत्येक पट्टीवर क्रमांक टाकतो, जुनं आवरण काढतो, लाकडातले खड्डे भरतो आणि सगळ्या पट्ट्या एकसारख्या तासतो. नवं आवरण चिकटवून दाबून ठेवतो. सरस वाळला की कडा आणि काळ्या पट्टीशेजारची खाच कानशीने घासतो. कड जराशी बाहेर राहिली, तरी शेजारची पट्टी अडकते. शेवटी बारीक पॉलिश पेपर आणि पॉलिशचं कापड.

मग पट्ट्या बदलाव्यात का?

नुसत्या पिवळ्या पडल्या असतील, तर गरज नाही. पिवळेपणाने सूर बिघडत नाही. जेमतेम ओलसर कापडाने पुसून लगेच कोरडं करा. ब्लीच नको, भरपूर पाणी नको, कारण ओलाव्याने हस्तिदंत वाकतो आणि सुटतो. एखादा तुकडा निघालाच, तर पट्टीचा क्रमांक लिहून जपून ठेवा. तोच पुन्हा चिकटवता येतो.