हुकूम न्यूयॉर्कचा, दप्तर डब्लिनचे

डिसेंबर 2013 मध्ये न्यूयॉर्कच्या एका दंडाधिकाऱ्याने अमली पदार्थांच्या तपासासाठी झडतीचा जो हुकूम काढला, त्यात वरकरणी अपूर्व असे काही नव्हते. एका ईमेल खात्यातील मजकूर मायक्रोसॉफ्ट कंपनीने सरकारच्या स्वाधीन करावा, एवढीच आज्ञा. परंतु तो मजकूर होता आयर्लंडमध्ये, डब्लिन येथील संगणकांवर. आणि ज्या भूमीवर अमेरिकेचा अंमल नाही, तेथील दप्तर अमेरिकेच्या न्यायाधीशाने मागवावे काय, हा वाद पुढे चार वर्षे चालला.

सरकार म्हणे, अमेरिकेत बसलेला कंपनीचा नोकर बसल्याजागी कळ दाबून जे आणू शकतो, त्याला परमुलखातील झडती म्हणावेच का? कंपनीचे उत्तर असे की, दप्तर जेथे, कायदाही तेथलाच. आणि आयर्लंड सरकारनेही निवेदन देऊन आपल्या सार्वभौमत्वाची आठवण करून दिली. ज्या कायद्याच्या आधारे हुकूम निघाला तो 1986 चा, सामान्य माणसाला ईमेल हा शब्दही ठाऊक नव्हता त्या काळातला. तो सरहद्दीपलीकडे लागू व्हावा असे काँग्रेसने कोठेही म्हटलेले नाही, या कारणास्तव 2016 मध्ये अपील न्यायालयाने कंपनीच्या बाजूने निवाडा दिला. सर्वोच्च न्यायालयात सुनावणी होऊन निकाल यायचा होता, तोच मार्च 2018 मध्ये, दोन हजारांहून अधिक पानांच्या खर्चविधेयकाच्या शेपटाला बांधून ‘क्लाउड’ कायदा संमत झाला (इतकी पाने किती सभासदांनी वाचली असतील, देव जाणे!), आणि माहिती पृथ्वीच्या पाठीवर कोठेही असो, ती कंपनीच्या ताब्यात असेल तर हजर केलीच पाहिजे, असे ठरले. खटला निकालाविनाच निकाली निघाला.

फौजफाटा न हलवता केलेली ही मुलूखगिरीच म्हणावी लागेल. त्याच वर्षी एप्रिलमध्ये मुंबईहून रिझर्व्ह बँकेने फर्मावले की, देशातील पैशांच्या देवघेवीची माहिती देशातच साठवली जावी. देखरेखीच्या दृष्टीने हे रास्तच होते. परंतु साठा मायदेशी आणल्याने तो परक्या हुकमाच्या टप्प्याबाहेर जातो, ही समजूत मात्र भाबडी होय, कारण क्लाउड कायदा साठ्याचे ठिकाण विचारीतच नाही, साठवणारा कोणाच्या अमलाखाली आहे एवढेच विचारतो. उलट पुण्याच्या पोलिसांना अमेरिकी कंपनीकडील पत्रव्यवहाराचा मजकूर हवा असेल, तर परस्पर साहाय्याच्या करारान्वये त्यांचा अर्ज दिल्लीच्या गृहमंत्रालयातून वॉशिंग्टनच्या न्याय खात्याकडे जातो, तेथून अमेरिकी न्यायाधीशापुढे येतो, आणि त्याची खात्री पटली तरच मजकूर हाती लागतो. या येरझारीत महिनोन्‌महिने लोटतात.