मेंढपाळांचा श्वान आणि त्याचा दिवस

पावसाळा सरला की धुळे जिल्ह्यातील साक्रीकडचे ठेलारी धनगर आपला संसार घोड्यांच्या पाठीवर लादून मेंढ्यांसह चराईसाठी मुलूख पालथा घालावयास निघतात. आणि या फिरत्या घराबरोबर, कोणाच्या खिजगणतीत नसलेला त्यांचा कुत्राही नवनवे मुक्काम गाठीत असतो.

मुक्कामी पोहोचताच माणूस भोवताल पाहतो, श्वान तो हुंगतो. त्याच्या नासिकेतील गंधग्राही पेशी वीस कोटींहून अधिक, आपल्या मात्र ५०-६० लाख. शिवाय त्याचा उच्छ्वास नाकपुड्यांच्या बाजूच्या फटींतून निघून जात असल्यामुळे आत येणाऱ्या गंधकणांना अटकाव होत नाही. गंध काळाबरोबर विरत जातो, आणि म्हणूनच बांधावरून गेलेला माणूस कोणत्या दिशेस गेला, याचा दाखला त्याला अवघ्या काही पावलांच्या वासातील तफावतीवरून मिळू शकतो. आपल्या पोलीसपाटलालाही हेवा वाटावा अशीच ही तपासणी!

दृष्टीचा कारभार त्यामानाने बेताचा. निळा आणि पिवळा एवढेच रंग त्याला स्पष्ट उमगतात. धन्याचे तांबडे पागोटे त्याच्या लेखी मातकटच.

खरी कसोटी असते ती खानदेशच्या उन्हाळ्याची. पारा ४५ अंशांकडे झुकला असता, घर्मग्रंथींचा उपयोग तळव्यांपुरताच असलेल्या या प्राण्याला जीभ बाहेर काढून धापा टाकण्यावरच मुख्यत्वे विसंबावे लागते. यास्तव मोटारीतून कुत्र्यासह प्रवासास निघणाऱ्या वाचकांनी त्याला बंद गाडीत क्षणभरही एकटे सोडू नये, आणि वाटेत वरचेवर पाणी पाजावे.