कमांड लाइनवरील ईमेल आज्ञावल्या आणि उच्चारचिन्हयुक्त अक्षरे

कमांड लाइनवरून सुरू केलेल्या ईमेल आज्ञावलीला पत्राचा विषय, मजकूर किंवा जोडपत्राचे नाव पुरवताना मूळ इंग्रजी वर्णमालेबाहेरची अक्षरे अबाधित ठेवणे हा मजकूर-संकेतनातील एक जुना आणि आजही पूर्णपणे न सुटलेला व्यावहारिक प्रश्न आहे. फ्रेंच, जर्मन, स्पॅनिश, स्वीडिश इत्यादी भाषांतील उच्चारचिन्हयुक्त रोमन अक्षरांच्या संदर्भात तो प्रथम उद्भवला. देवनागरीसारख्या लिप्यांना तोच प्रश्न अधिक तीव्रतेने लागू होतो. माणसाने खिडकीत टंकलेल्या पत्रात अशा चुका सहसा होत नाहीत, कारण तेथे टंकन, साठवण आणि प्रेषण एकाच आज्ञावलीच्या हाती असते. कमांड लाइनवर मात्र मजकूर शेल, कार्यप्रणाली, ईमेल आज्ञावली आणि सर्व्हर अशा अनेक हातांतून जातो आणि यांपैकी प्रत्येकाची अक्षरांविषयीची समजूत वेगळी असू शकते.

पार्श्वभूमी

१९६३ साली प्रसिद्ध झालेल्या आस्की या मानकात ७ बिटांच्या १२८ जागा होत्या. त्यांत उच्चारचिन्हयुक्त अक्षरांना स्थान नव्हते. इंटरनेटवरील ईमेलचे सुरुवातीचे नियमही याच १२८ चिन्हांवर बेतलेले होते. युरोपातील अनेक देशांनी आस्कीतील कमी वापराची चिन्हे काढून त्या जागी आपली अक्षरे बसवली. स्वीडिश व फिनिश आवृत्तीत महिरपी कंस आणि उभी रेघ यांच्या जागी स्थानिक स्वर होते. परिणामी एका आज्ञेचे फलित दुसऱ्या आज्ञेकडे पाठवण्यासाठी युनिक्समध्ये वापरली जाणारी उभी रेघ तेथील पडद्यांवर दोन टिंबे डोक्यावर घेतलेल्या ‘ओ’च्या रूपात दिसत असे.

पुढे ८ बिटांचे वर्णसंच आले, पण ते एक नव्हते, अनेक होते. ‘कॅफे’ या फ्रेंच शब्दातील शेवटचे अक्षर यासाठी चांगले उदाहरण आहे. आयएसओ ८८५९-१ आणि विंडोज-१२५२ या संचांत त्याचा क्रमांक २३३ आहे, डॉसच्या ४३७ व ८५० या कोड पेजांत तो १३० आहे, जुन्या मॅकिंटॉशच्या संचात १४२ आहे, तर यूटीएफ-८ मध्ये ते अक्षर १९५ आणि १६९ अशा दोन बाइटांनी लिहिले जाते. वाटेतील एखाद्या जुन्या सर्व्हरने आठवा बिट कापून टाकला, तर २३३ मधून १२८ वजा होऊन १०५ उरतात आणि ‘कॅफे’च्या शेवटी इंग्रजी ‘आय’ उमटतो.

यावरचा मुख्य तोडगा जून १९९२ मध्ये आला. नॅथॅनिअल बोरेन्स्टाइन आणि नेड फ्रीड यांनी मांडलेल्या माइम या मानकाने पत्राच्या मजकुराचा वर्णसंच पत्रातच नोंदवण्याची सोय केली. शिवाय ८ बिटांचा मजकूर ७ बिटांच्या मार्गाने नेण्यासाठी क्वोटेड-प्रिंटेबल आणि बेस६४ या दोन पद्धती दिल्या. विषय व नावे यांसारख्या शीर्षक-ओळींसाठी कीथ मूर यांनी त्याच महिन्यात स्वतंत्र पद्धत मांडली. तिचे सध्याचे रूप म्हणजे नोव्हेंबर १९९६ चा आरएफसी २०४७ हा दस्तऐवज होय. यूटीएफ-८ ची रचना केन थॉम्प्सन आणि रॉब पाइक यांनी सप्टेंबर १९९२ मध्ये केली.

माइममुळे पत्र आज्ञावलीतून बाहेर पडल्यानंतरचा प्रवास बऱ्याच अंशी सुरक्षित झाला. पत्र आज्ञावलीत शिरण्यापूर्वीचा प्रवास माइमच्या कक्षेत येत नाही. कमांड लाइनवरील बहुतेक घोटाळे याच पहिल्या टप्प्यात होतात.

युनिक्स कुळातील वर्तन

युनिक्स व लिनक्समध्ये एखादी आज्ञावली सुरू करताना तिला मिळणारे घटक हे निव्वळ बाइटांच्या माळा असतात. त्या माळा कोणत्या वर्णसंचात आहेत, याची कोणतीही खूण सोबत येत नाही. आज्ञावली परिसर-चलांतील ‘लोकेल’ पाहून त्यांचा अर्थ लावते. टर्मिनल यूटीएफ-८ चे आणि लोकेल ८८५९-१ चे, अशी विसंगती असल्यास १९५ व १६९ हे दोन बाइट दोन स्वतंत्र अक्षरे समजले जातात. ही समजूत चुकीची असली तरी ८८५९-१ मध्ये दोन्ही बाइट वैध असल्याने कोणतीही त्रुटी नोंदवली जात नाही. पुढे आज्ञावलीने पत्र यूटीएफ-८ मध्ये रूपांतरित केले, तर त्या दोन अक्षरांचे १९५, १३१, १९४, १६९ असे चार बाइट होतात. यास दुहेरी संकेतन म्हणतात. उलट दिशेची चूक ओळखणे तुलनेने सोपे असते. यूटीएफ-८ ची बाइटरचना काटेकोर असल्यामुळे ८८५९-१ मधील नैसर्गिक मजकूर योगायोगाने वैध यूटीएफ-८ ठरण्याची शक्यता फार कमी असते.

सर्वांत फसवी परिस्थिती क्रॉन या वेळापत्रक-सेवेतून पत्रे पाठवताना निर्माण होते. तीच स्क्रिप्ट हाताने चालवली की पत्र व्यवस्थित जाते आणि रात्री क्रॉनने चालवली की बिघडते. स्क्रिप्टमध्ये दोष शोधत बसण्यात अनेकांचा वेळ जातो, पण कारण बहुधा स्क्रिप्टबाहेर असते. क्रॉन आज्ञावलीला अत्यंत मोजके परिसर-चल देतो. त्यांत लोकेल नसल्यास ‘सी’ हे मूळ लोकेल लागू होते आणि त्यात आस्कीबाहेरच्या अक्षरांना अर्थ नसतो. हेअरलूम मेलएक्स ही आज्ञावली अशा वेळी न ओळखता आलेल्या मजकुराला द्विअंकी सामग्री मानून पाठवू शकते, त्यामुळे वाचणाऱ्याला पत्राऐवजी एक निनावी जोडपत्र मिळते. यावर उपाय म्हणजे लोकेल स्क्रिप्टच्या आरंभीच स्पष्टपणे ठरवणे. ठरवलेले लोकेल त्या संगणकावर स्थापित असणेही आवश्यक आहे. एखाद्या भाषेशी न बांधलेले ‘सी.यूटीएफ-८’ हे लोकेल जीलिबसीच्या २०२२ मधील २.३५ या आवृत्तीपासून मूळ संचातच मिळते.

आज्ञावल्यांची क्षमता सारखी नाही. बीएसडी परंपरेतील जुना मेलएक्स माइमची कोणतीही ओळ न घालता बाइट जसेच्या तसे पुढे ढकलतो. मायकेल एल्किन्स यांनी १९९५ मध्ये लिहिलेला मट लोकेलवरून मजकुराचा वर्णसंच ठरवतो आणि पाठवताना क्रमाने आस्की, ८८५९-१ व यूटीएफ-८ वापरून पाहतो. ज्या पहिल्या संचात सर्व मजकूर मावतो तो निवडला जातो. त्यामुळे फ्रेंच पत्र ८८५९-१ मध्ये आणि मराठी पत्र यूटीएफ-८ मध्ये जाते. सेंडमेल ही आज्ञा याच्या दुसऱ्या टोकाला आहे. तिला शीर्षक-ओळींसह तयार पत्र द्यावे लागते आणि संकेतनाची सर्व जबाबदारी देणाऱ्यावर असते. स्क्रिप्ट लिहिणारे बहुधा मजकुराचा वर्णसंच सांगणाऱ्या ओळी आठवणीने घालतात, परंतु विषयाची ओळ तशीच कच्ची सोडतात. त्या ओळी केवळ मजकुराला लागू असतात, विषयाला नव्हे. पत्राचा मजकूर स्वच्छ आणि विषय मात्र विद्रूप, हे लक्षण दिसल्यास हेच कारण प्रथम तपासावे.

विंडोजमधील वर्तन

विंडोज एनटी व त्यानंतरच्या आवृत्त्यांत कमांड लाइन आतून युनिकोडमध्येच ठेवलेली असते. तरीही घोटाळे होतात, कारण प्रत्येक आज्ञावली ती दोन प्रकारे मागू शकते: युनिकोड रूपात किंवा त्या संगणकाच्या ‘एएनएसआय’ कोड पेजमध्ये उतरवून. दुसऱ्या प्रकारात कोड पेजमध्ये नसलेली अक्षरे गळतात. काहींच्या जागी जवळचे दिसणारे साधे अक्षर येते, उदाहरणार्थ डोक्यावर आडवी रेघ असलेल्या दीर्घ ‘आ’ऐवजी साधा ‘आ’. उरलेल्यांच्या जागी प्रश्नचिन्ह येते. देवनागरीसाठी विंडोजमध्ये असे कोड पेजच नाही. म्हणून जुन्या पद्धतीच्या आज्ञावलीत फ्रेंच विषय कदाचित तगतो, पण मराठी विषयाची केवळ प्रश्नचिन्हांची रांग होते. विंडोज १० च्या १९०३ या आवृत्तीपासून आज्ञावलीला स्वतःसाठी यूटीएफ-८ हेच कोड पेज घोषित करता येते.

बॅच फाइलमध्ये आणखी एक अडथळा असतो. पश्चिम युरोपात संपादक-आज्ञावली फाइल विंडोज-१२५२ मध्ये साठवत असे, तर आज्ञा वाचणारी खिडकी ती ८५० या कोड पेजमध्ये वाचत असे. ‘कॅफे’तील २३३ क्रमांकाचा बाइट ८५० मध्ये आघातचिन्ह असलेला मोठा ‘यू’ होतो. फाइल यूटीएफ-८ मध्ये साठवून आरंभी कोड पेज ६५००१ निवडणे हा आजचा प्रचलित उपाय आहे.

मेलटू दुवे आणि टक्का-संकेतन

थंडरबर्ड, आउटलुक यांसारख्या खिडकीयुक्त आज्ञावल्यांना कमांड लाइनवरून नवे पत्र उघडण्यास सांगताना बहुधा ‘मेलटू’ दुवा दिला जातो. जुलै १९९८ च्या आरएफसी २३६८ ने या दुव्यात आस्कीबाहेरचे बाइट थेट लिहिण्यास मनाई केली होती, परंतु मजकुरासाठी समाधानकारक पर्याय दिला नव्हता. ऑक्टोबर २०१० च्या आरएफसी ६०६८ ने यूटीएफ-८ बाइटांचे टक्का-संकेतन हा मार्ग निश्चित केला. यात प्रत्येक बाइट टक्का-चिन्ह आणि दोन षोडशमान अंक यांनी लिहितात. या दस्तऐवजाचे एक लेखक मार्टिन ड्यूर्स्ट यांच्या आडनावातच दोन टिंबांचा ‘यू’ आहे. पण आरएफसी दस्तऐवज त्या काळी केवळ आस्कीत प्रसिद्ध होत असल्याने त्यांचे नाव तेथे ‘यू’ आणि ‘ई’ अशा दोन साध्या अक्षरांनी छापावे लागले.

या पद्धतीचा फायदा असा की संपूर्ण दुवा आस्कीत राहतो, त्यामुळे लोकेल किंवा कोड पेज काहीही असले तरी तो बदलत नाही. मात्र बॅच फाइलमध्ये टक्का-चिन्हाला स्वतःचा अर्थ आहे. रिकाम्या जागेसाठी लिहिलेले टक्का-दोन-शून्य तेथे ‘दुसरा घटक आणि त्यापुढे शून्य’ असे वाचले जाते. दुसरा घटक दिलेला नसला, तर दोन शब्दांच्या मध्ये नुसते शून्य उरते. सलग आलेल्या दोन टक्का-चिन्हांमधील अक्षरे तर चलाचे नाव समजून गाळली जातात. म्हणून बॅच फाइलमध्ये प्रत्येक टक्का-चिन्ह दोनदा लिहावे लागते. युनिक्स शेलमध्ये टक्क्याची अडचण नसते, पण दुव्यातील विषय आणि मजकूर वेगळे करणारे ‘अँड’ चिन्ह आज्ञा पार्श्वभूमीत पाठवते. तेव्हा पूर्ण दुवा अवतरणचिन्हांत ठेवावा लागतो.

लिनक्सवरील एक्सडीजी-ईमेल या मध्यस्थ आज्ञेत पुढील घटक यूटीएफ-८ मध्ये आहेत असे सांगण्याचा पर्याय आहे. तो न दिल्यास लोकेल गृहीत धरले जाते. आउटलुकमध्ये मेलटू दुव्यांसाठी यूटीएफ-८ वापरण्याचे स्वतंत्र सेटिंग आहे. थंडरबर्डच्या पत्र-रचना पर्यायात घटक स्वल्पविरामाने वेगळे केले जातात, त्यामुळे मजकुरातील स्वल्पविरामाकडेही लक्ष द्यावे लागते.

देवनागरीतील विशेष अडचणी

देवनागरीचे प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये ३ बाइट आणि टक्का-संकेतनात ९ वर्ण घेते. येथे मात्रा व वेलांट्याही स्वतंत्र चिन्हे आहेत. ‘मराठी’ हा शब्द ५ चिन्हांचा, म्हणजे १५ बाइटांचा असून दुव्यात त्याचे ४५ वर्ण होतात. विंडोजच्या आज्ञा-खिडकीत एका ओळीची मर्यादा ८,१९१ वर्णांची असल्याने सुमारे ९०० चिन्हांपलीकडचा मराठी मजकूर अशा दुव्यातून पाठवता येत नाही. तो फाइलमधून किंवा मानक निविष्टीतून देणेच श्रेयस्कर.

विषयाच्या ओळीतही हिशेब करावा लागतो. आरएफसी २०४७ नुसार संकेतित शब्दाची लांबी ७५ वर्णांपेक्षा अधिक असता कामा नये. यूटीएफ-८ चे नाव आणि सीमाचिन्हे यांत १२ वर्ण खर्ची पडतात. उरलेल्या ६३ मध्ये बेस६४ पद्धतीने देवनागरीची १५ चिन्हे मावतात. क्वोटेड-प्रिंटेबलशी मिळत्याजुळत्या दुसऱ्या पद्धतीने जेमतेम ७ मावतात. एखाददुसरे उच्चारचिन्ह असलेल्या फ्रेंच विषयासाठी दुसरी पद्धत सोयीची, मराठीसाठी पहिली. लांब विषय अनेक संकेतित शब्दांत विभागताना एका चिन्हाचे ३ बाइट दोन तुकड्यांत जाऊ देण्यास मनाई आहे. घरगुती स्क्रिप्ट ठरावीक बाइटांवर तुकडे पाडतात तेव्हा हाच नियम मोडतो आणि विषयाच्या मधोमध एखादे अक्षर चौकोन किंवा काळा शंकरपाळा होऊन बसते.

एकच अक्षर दोन प्रकारे लिहिता येणे ही आणखी एक बाब. ‘कॅफे’चे शेवटचे अक्षर एकसंध लिहिता येते किंवा साधा स्वर आणि त्यावर जोडचिन्ह असेही लिहिता येते. मॅकच्या एचएफएस प्लस या फाइल-व्यवस्थेत फाइलनावे विलग रूपात साठवली जात. ती कमांड लाइनवरून जोडपत्र म्हणून दिल्यास पाहणाऱ्याला फरक दिसत नसे, पण नाव जुळवून पाहणारी आज्ञावली ‘फाइल सापडली नाही’ असे सांगे. मराठीत ‘ऱ्हास’, ‘सुऱ्या’ यांतील ‘ऱ’ची स्थिती हीच आहे. तो युनिकोडमध्ये स्वतंत्र चिन्ह आहे आणि ‘र’ व नुक्ता यांच्या जोडीशी समतुल्यही मानला जातो. पहिल्या रूपात ३ बाइट, दुसऱ्यात ६.

बिघाडाची लक्षणे

बिघडलेल्या मजकुराचे दोन प्रकार करता येतात आणि हा भेद व्यवहारात महत्त्वाचा आहे. अक्षरांचा चुकीचा अर्थ लावला गेला असेल, तर मूळ बाइट शाबूत असतात. यूटीएफ-८ मधील देवनागरी विंडोज-१२५२ म्हणून वाचल्यास डाव्या आघातचिन्हाचा लहान ‘ए’ आणि त्याला लागून चलनाचे चिन्ह अशी जोडी पुन्हापुन्हा दिसते, कारण देवनागरी चिन्हांचे पहिले दोन बाइट बहुधा २२४ आणि १६४ असतात. असा मजकूर उलट रूपांतराने बहुतांशी परत मिळवता येतो. दुहेरी संकेतनही सहसा उलगडता येते. प्रश्नचिन्हांची रांग मात्र अंतिम असते. तेथे अक्षरे आधीच टाकून दिलेली असतात आणि सर्व प्रश्नचिन्हांचा बाइट एकच, ६३ हा असतो. स्वयंचलित पत्रांची प्रत सहसा कोणी ठेवत नाही, त्यामुळे पाठवणाऱ्याला ही हानी अनेकदा पत्र मिळालेल्या व्यक्तीने कळवल्यावरच समजते.

पत्त्यातील अक्षरे

वरील सर्व पद्धती विषय, मजकूर आणि नावे यांच्यापुरत्या आहेत. ईमेल पत्त्याला त्या लागू होत नाहीत. पत्त्यातील डोमेन पनीकोड या २००३ च्या पद्धतीने आस्कीत बदलता येते आणि २०१४ पासून उपलब्ध असलेल्या ‘.भारत’ या डोमेनलाही ती चालते. ‘ॲट’ चिन्हाआधीचा भाग मात्र असा बदलता येत नाही. त्यासाठी फेब्रुवारी २०१२ मध्ये एसएमटीपीयूटीएफ८ हा विस्तार प्रसिद्ध झाला. तो पाठवणाऱ्या आज्ञावलीपासून अखेरच्या सर्व्हरपर्यंत प्रत्येकाला अवगत असावा लागतो. पोस्टफिक्स या सर्व्हर आज्ञावलीने २०१५ मधील ३.० या आवृत्तीत त्याचा स्वीकार केला. मार्गातील एखाद्या सर्व्हरला तो मान्य नसल्यास पत्र विद्रूप होत नाही, ते परत येते.