मठ्ठ घोड्याची चंदी

घोडा मठ्ठ वाटू लागला की चंदी वाढवायची, ही पागेतली जुनी रीत आहे. हरभरा, ओट, बार्ली, मका अशा दाण्यांचा तोबरा भरला, की घोडा लवकरच तरतरीत दिसतो. पण ही तरतरी बऱ्याचदा उसनी असते. घोडा बिचकतो, लगामाशी झगडतो आणि थोड्या वेळात पुन्हा थकतो. दिवसभर टिकणारी आणि डोके शांत ठेवणारी ताकद हवी असेल, तर दाण्यांच्या आधी गवताचा विचार करावा लागतो.

त्याआधी सुस्तीचे कारण शोधले पाहिजे. जंत, गोचिडांमुळे होणारे रक्तातले आजार, सर्रा रोग, खुराचे किंवा पाठीचे दुखणे, नीट न बसणारे खोगीर आणि उन्हाचा ताण यांपैकी कशानेही घोडा पाय ओढू लागतो. दाढांच्या कडा धारदार झाल्या तर त्याला चावता येत नाही. मग गव्हाणीपाशी अर्धवट चावलेल्या गवताचे गोळे पडलेले दिसतात आणि लिदेत अख्खे दाणे येतात. अशा घोड्याला चंदी वाढवून उपयोग नसतो, दाढा घासून घ्याव्या लागतात.

घोड्याची अंगलट हातानेही तपासता येते. अमेरिकेत तयार होऊन १९८३ साली प्रसिद्ध झालेल्या हेनेके मोजपट्टीत १ म्हणजे हाडांचा सापळा आणि ९ म्हणजे अतिलठ्ठ. मधल्या ५ गुणांच्या घोड्याच्या बरगड्या दिसत नाहीत, पण बोटे फिरवल्यावर सहज लागतात. बरगड्या नुसत्या नजरेला दिसत असतील, तर घोडा अर्धपोटी असण्याची शक्यता मोठी असते. त्या चाचपूनही लागत नसतील, तर सुस्ती चरबीची असू शकते. अशा घोड्याला खुराकापेक्षा व्यायामाची गरज असते.

घोड्याचे पोट सतत थोडे थोडे चरण्यासाठी घडलेले आहे. जठर लहान असते, त्याची क्षमता साधारण ८ ते १५ लिटर. त्यात आम्ल मात्र अखंड पाझरत राहते. ते सौम्य करणारी लाळ घोडा चावत असतानाच सुटते. मागच्या बाजूला आंधळे आतडे आणि मोठे आतडे यांचा प्रचंड विस्तार असून तिथे असंख्य सूक्ष्मजंतू गवतातला चोथा आंबवतात. त्यातून तयार होणारी मेदाम्ले तासन्‌तास रक्तात झिरपत राहतात. गवताची ताकद संथ आणि टिकाऊ असते, ती यामुळे.

दाण्यांतला स्टार्च वेगळ्या वाटेने जातो. लहान आतड्यात त्याची साखर होते, रक्तातली साखर आणि इन्सुलिन झपाट्याने चढते आणि काही तासांत उतरते. एका वेळी फार दाणे दिले, तर न पचलेला स्टार्च मोठ्या आतड्यात उतरतो. तिथे आम्लता वाढून पोटशूळ उठू शकतो किंवा खुराच्या आतली संवेदनशील पडदी सुजून घोडा कायमचा लंगडा होऊ शकतो. म्हणून एका वेळच्या खाण्यातला स्टार्च घोड्याच्या वजनाच्या दर किलोमागे १ ग्रॅमच्या आसपास ठेवावा. ओटमध्ये साधारण ४० टक्के, तर मक्यात ७० टक्क्यांच्या आसपास स्टार्च असतो. ३५० किलोच्या घोड्याला एका वेळी ओट पाऊण किलोपर्यंत आणि मका अर्ध्या किलोच्या आत पुरे. मका आणि बार्ली भरडून व शिजवून दिल्यास नीट पचतात. बुरशी आलेला मका घोड्याच्या मेंदूला इजा करून जीव घेऊ शकतो, म्हणून तो फेकूनच द्यावा.

दाणे कमी केल्यावर पडणारी तूट भरण्यासाठी तेल हा उत्तम उपाय आहे. वजनाला वजन धरले तर तेलात स्टार्चच्या दुपटीहून अधिक ऊर्जा असते आणि त्याने रक्तातली साखर उसळत नाही. तेल आणि चोथा यांवर पोसलेले घोडे दाण्यांवरच्या घोड्यांपेक्षा कमी बिचकतात, असे प्रयोगांत दिसले आहे. घोड्याला पित्ताशय नसले तरी पित्त सतत वाहत असल्याने तेल चांगले पचते. सुरुवात २५-३० मिलीने करून दोन-तीन आठवड्यांत १५० ते २०० मिलीपर्यंत जावे. तेल नेहमी देणार असल्यास पशुवैद्यकाच्या सल्ल्याने ई जीवनसत्त्वाची जोड द्यावी.

३५० किलोच्या, मध्यम काम करणाऱ्या घोड्याचा दिवसाचा हिशेब असा मांडता येईल: चांगले वाळलेले गवत ६ किलो, वाळवलेला लसूणघास १ किलो, चंदी १ किलो दोन वेळांत विभागून, तेल १५० मिली आणि मीठ ३० ग्रॅम. नुसत्या कडब्याने पोट भरते, पण पोषण कमी मिळते. कोवळी हिरवी ज्वारी तर विषारी ठरू शकते. हरभरा भिजवून आणि मापातच द्यावा. गव्हाच्या कोंड्यात फॉस्फरस फार आणि कॅल्शियम थोडे असते. तो रोज भरपूर दिल्यास हाडे कमकुवत होतात. लसूणघासातल्या कॅल्शियममुळे हा तोल काहीसा सावरतो. पाणी दिवसाला २५ ते ३५ लिटर लागते, उन्हाळ्यात आणि घाम गाळणाऱ्या कामात त्याहून जास्त.

माथेरानमध्ये मोटारींना बंदी असल्यामुळे अनेक प्रवासी आणि बरेच सामान घोड्यांवरून जाते. अशा लांबलचक, संथ कामाला गवत आणि तेलाचा खुराकच मानवतो. कामावर निघण्यापूर्वी घोड्याच्या पोटात थोडे गवत हवे, रिकाम्या पोटी चंदीचा तोबरा नको. दोन फेऱ्यांच्या मधल्या वेळातही त्याच्यापुढे गवत टाकावे.

खुराकातला कोणताही बदल किमान १० ते १४ दिवस घेऊन हळूहळू करावा, कारण आतड्यातल्या सूक्ष्मजंतूंना नव्या अन्नाची सवय व्हायला वेळ लागतो. फरक दिसायला काही आठवडे लागतात आणि सोबत रोजचा नियमित व्यायाम हवा. इतके करूनही घोडा मठ्ठच राहिला, तर चंदीचे माप वाढवू नये, पशुवैद्यकाला बोलवावे.