घराचा सांगाडा संगणकावर : काही अनुभवाच्या सूचना

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने यंदा आमच्याकडून धान्यबाजारावर लेख मागितला होता. परंतु गेल्या दोन वर्षांत पेढीवर येणाऱ्या व्यापारी बंधूंनी तूरडाळीच्या भावापेक्षा आमच्या घराच्या बांधकामाचीच अधिक विचारपूस केली. म्हणून त्याच विषयावर चार शब्द लिहिण्याची परवानगी आम्ही मागून घेतली. आमचे शिक्षण मॅट्रिकपलीकडे नाही. तेव्हा पुढील मजकूर म्हणजे अभियंत्याचा सल्ला नव्हे. ज्याचे पैसे गेले व ज्यास थोडेबहुत शहाणपण आले अशा एका घरमालकाचे हे टिपण आहे.

लिंबायतीतील आपल्या घरांची रीत सर्वांस ठाऊक आहेच. बारा-तेरा फूट रुंदीचा भूखंड, खाली दुकान, वर बिऱ्हाड आणि मुले मोठी झाली की त्यावर आणखी एक मजला. आमचे घर 1994 साली बांधलेले. धाकट्या चिरंजीवांच्या विवाहानंतर दोन मजले वाढविण्याचा प्रश्न आला, तेव्हा त्यांनी संगणकावर घर रेखाटण्यास आरंभ केला. पहिल्याच रात्री दिवाणखाना, पडदे, सोफा, देवघर, सर्व काही तयार झाले आणि घरातील मंडळी हरखून गेली. खांब मात्र त्यात एकही नव्हता.

खानदेशातील आपल्या वाडवडिलांनी ही चूक केली नसती. त्यांच्या धाब्याच्या घरात प्रथम खांब, खांबावर तुळई, तुळईवर कड्या, कड्यांवर किलचन आणि त्यावर पांढरी माती असा क्रम असे. घराचा विस्तार सांगावयाचा तो 'इतक्या खणांचे घर' असा. खोल्या किती, हा प्रश्न मागाहून येई. कड्या किती लांबीच्या मिळतात यावर खण ठरे आणि खणावर घर ठरे. आजचे सिमेंट-काँक्रीटचे घरही त्याच न्यायाने उभे राहते. वजन स्लॅबवरून बीमवर, बीमवरून कॉलमवर व कॉलममधून पायात उतरते. भिंती बहुधा केवळ आडोसा असतात. संगणकावरही हाच क्रम धरावा. आधी खांब, मग तुळया, मग भिंती. सोफा सर्वांत शेवटी.

असे आग्रहाने सांगण्याचे कारण हे की, पडद्यावरचे घर कधी पडत नाही. आमच्या दुकानाच्या दर्शनी बाजूस मधोमध एक खांब आहे. पोती उतरविताना तो चाळीस वेळा आडवा येतो. आम्ही चिरंजीवांस म्हटले, "हा काढून टाक." त्यांनी एक कळ दाबली, खांब नाहीसा झाला आणि वरचे तीन मजले जागच्या जागी उभे! रुंद शटरचे ते चित्र पाहून आम्हांस मोठा आनंद झाला. नोंदणीकृत अभियंत्यांस ते दाखविले तेव्हा त्यांनी एवढेच विचारले, "शेठ, वरचे वजन आता कोठे उतरणार?" आम्हांपाशी उत्तर नव्हते. खांब राहिला व दोन शटरे बसविली.

दुसरीही गोष्ट त्यांनी त्याच वेळी सांगितली. 26 जानेवारी 2001 च्या कच्छच्या भूकंपात अहमदाबादेत ज्या इमारती कोसळल्या, त्यांत खालचा मजला वाहनांसाठी मोकळा व वर भिंतींनी भरलेले मजले, अशा इमारती पुष्कळ होत्या. सुरतेतही त्या दिवशी इमारत कोसळून माणसे दगावली. खाली सर्व मोकळे व वर सर्व भरीव, अशी आपली दुकानाची घरेही त्याच जातीची आहेत. म्हणून खालच्या मजल्याचा एकही खांब सोयीखातर हलवावयाचा नाही.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. प्रथम भूखंड मोजावा, आणि तो स्वतः मोजावा. खरेदीखतात लांबी-रुंदी असते, परंतु कोपरे काटकोनात आहेत किंवा नाही हे त्यावरून कळत नाही. चारही बाजूंबरोबर दोन्ही कर्ण मोजावेत. ते सारखे भरले नाहीत तर भूखंड तिरका आहे. आमच्या येथे कर्णांत सात इंचांचा फरक निघाला. संगणकावर आधी सरळ चौकोन काढून बसलो असतो तर मागील खांब शेजाऱ्याच्या हद्दीत गेला असता.

कोणते सॉफ्टवेअर घ्यावे, यावर फार वाद घालू नये. आम्ही 'स्वीट होम थ्रीडी' वापरले. ते विनामूल्य आहे. जुना नकाशा स्कॅन करून त्यात खाली पसरता येतो आणि त्यावरील एखादी ठाऊक लांबी सांगितली की बाकीचे प्रमाण ते आपोआप धरते. 'स्केचअप'मध्ये एक खांब 'कंपोनंट' करून त्याच्या प्रती मांडल्या, तर एकाचे माप बदलताच सर्वांचे बदलते. गच्चीवरील लोखंडी शेडचा सांगाडा काढावयास ते उत्तम. 'ऑटोकॅड' हे अभियंत्यांचे हत्यार, ते त्यांच्याकडेच राहू द्यावे. एक सावधगिरी मात्र घ्यावी. परदेशी सॉफ्टवेअरांत 'फ्रेमिंग' म्हणून जे तयार मिळते ते बहुधा अमेरिकेच्या व कॅनडाच्या लाकडी घरांसाठी असते. तेथे सोळा सोळा इंचांवर लाकडी पट्ट्या उभ्या करून भिंत रचतात. आपल्या वीट-काँक्रीटच्या घरास त्याचा काही उपयोग नाही.

भिंतीची जाडी पहिल्याच दिवशी बदलून घ्यावी. 'स्वीट होम थ्रीडी' आपण न सांगता भिंत साडेसात सेंटिमीटर, म्हणजे सुमारे तीन इंच जाड धरते. आपली बाहेरची नऊ इंची भिंत गिलाव्यासह दहा इंचांच्या घरात जाते. तेरा फुटांच्या घरात दोन्ही बाजूंच्या भिंती मिळून चौदा इंचांचा फरक पडतो. पडद्यावर साडेबारा फुटांची भासणारी खोली प्रत्यक्षात अकरा फूट चार इंचांची निघते, आणि मग पलंग व कपाट यांपैकी एकाची निवड करावी लागते.

खांबांसाठी एक साधा ठोकळा करावा व प्रत्येकास क्रमांक द्यावा. जुने मेस्त्री खांब नऊ इंचांचा धरतात, कारण तो भिंतीत लपतो. परंतु भारतीय मानक 13920 च्या 2016 च्या आवृत्तीत भूकंपास तोंड देणाऱ्या चौकटीतील खांबाची बाजू किमान 300 मिलिमीटर, म्हणजे जवळजवळ बारा इंच सांगितली आहे; आणि त्याच वर्षीच्या भूकंप-नकाशात सुरत तिसऱ्या पट्ट्यात येते. म्हणजे नऊ इंची भिंतीत खांब तीन इंच बाहेर डोकावणारच. तो कोणत्या कोपऱ्यात डोकावला असता बरा, हे मात्र पडद्यावर फार सुंदर कळते. आम्ही स्वयंपाकघरातील ओटा त्यामुळेच चार वेळा फिरविला.

नंतर प्रत्येक मजला निराळी 'लेव्हल' म्हणून जोडावा. वरच्या मजल्यावर काम करताना खालच्या भिंती फिकट दिसतात. वरचा प्रत्येक खांब खालच्या खांबावर बसतो किंवा नाही, हे एकेक करून ताडावे. तेरीज जुळल्यावाचून आपण वही मिटतो काय? आमच्या आराखड्यात नव्या न्हाणीघराजवळचा एक खांब खाली दुकानातील तुळईच्या मध्यावर येत होता. खोल्यांच्या रंगीत चित्रात तो दोष महिनाभर कोणासही दिसला नव्हता.

आणि आता पोत्यांविषयी. येथे आमची स्वतःची चूक सांगणे भाग आहे. पहिल्या मजल्यावरील मागील खोली आम्ही काही वर्षे गोदाम म्हणून वापरली. मोसमात डाळीची पोती तेथे दहा थर लागत. पुढे स्लॅबला बाक आला, तुळईस भेग गेली आणि आम्ही सिमेंटला दोष दिला. अभियंत्यांनी हिशेब मागितला तेव्हा उलगडा झाला. पन्नास किलोचे भरलेले पोते आडवे टाकले की साधारण अडीच फूट लांब व पावणेदोन फूट रुंद जागा घेते. म्हणजे एका थराचे वजन दर चौरस फुटास सुमारे साडेअकरा किलो, व दहा थरांचे सुमारे एकशे पंधरा किलो. राहत्या खोलीची जमीन, माणसे व सामान मिळून, दर चौरस मीटरला 200 किलो, म्हणजे चौरस फुटास साडेअठरा किलोच्या आसपास वजन धरून रचतात. दुसऱ्या थरालाच आम्ही मर्यादा ओलांडली होती! आयुष्यभर तराजू हाती धरून हे गणित आम्ही कधी मांडले नव्हते.

सॉफ्टवेअरला यातले काहीच कळत नाही. त्याच्या लेखी बाळाचा पाळणा आणि चाळीस पोती सारखीच. म्हणून प्रत्येक खोलीत मजकुराची पट्टी टाकून तेथे काय राहणार ते लिहावे : 'निजण्याची खोली', 'माल, चार थर', 'कापडाचे तागे', 'तिजोरी'. गच्चीवरील पाण्याची टाकी विसरू नये. हजार लिटर पाणी म्हणजे एक हजार किलो, टाकी निराळी. ही नोंद असलेला कागदच अभियंत्यांच्या हाती द्यावा.

पायासाठी सर्वांत खाली एक लेव्हल करावी व प्रत्येक खांबाखाली पायाचा चौरस काढावा. खांब बारा इंचांचा असला तरी पाया कित्येक फूट रुंद असतो. हद्दीलगतच्या खांबाचा पाया मध्यावर काढला की तो शेजाऱ्याच्या घराखाली घुसतो, हे चित्रातच दिसते. मग तो आतील बाजूस सरकवून दुसऱ्या पायाशी तुळईने जोडावा लागतो. खर्च वाढतो, परंतु आधी कळतो. आपल्याकडील काळी माती पावसात फुगते व उन्हाळ्यात आकसते, यास्तव मातीची तपासणी करून घ्यावी.

शून्य पातळी म्हणून अंगणाची नव्हे, रस्त्याच्या मध्याची धरावी. ऑगस्ट 2006 चा तापीचा महापूर आपण पाहिला आहे. मिठी खाडीचे पाणी तर लिंबायतीच्या सखल भागात त्यानंतरही अनेकदा शिरले. शिवाय डांबराचे थर बसून रस्ता वर चढतो, आणि घर होते तेथेच राहते. जोत्याची उंची मागाहून वाढवावी तर खांब, जिना व दारे यांची सर्व मापे बदलतात.

शेवटी छापील प्रत. घरच्या छपाई यंत्रावर नकाशा पुष्कळदा कागदात मावेल असा लहान होऊन येतो, म्हणून हाताने फूटपट्टी लावून एक माप पडताळावे. त्यावर 'मंजुरीपूर्व कच्चा आराखडा' असे ठळक लिहावे. नाहीतर मेस्त्री त्यावरूनच चुना टाकावयास लागतो. काम पुरे झाल्यावर अभियंत्यांचा सह्यांचा नकाशा व सळयांचा तपशील खरेदीखतासोबत जपून ठेवावा. आमच्या 1994 सालच्या घराचा असा एकही कागद आम्हांस सापडला नाही. वरचे मजले जुने खांब पेलतील किंवा नाही हे ठरविण्यासाठी दुकानातील तीन खांबांचा गिलावा फोडून आतील सळया मोजाव्या लागल्या. आणि त्यांतील दोघांस जाकीट चढवून जाड करावे लागले, ते वाढीव मजल्यांच्या खर्चात आम्ही धरलेच नव्हते.