ही कवळी कोणाची?

धारणीच्या एखाद्या आजोबांना कवळीसाठी अमरावती गाठायची, तर परतवाड्यावरून सुमारे दीडशे किलोमीटरचा प्रवास, त्यात मेळघाटचा घाट. आणि एका खेपेत भागत नाही. हिरड्यांचा ठसा, जबड्यांमधल्या अंतराचे माप, मेणात बसवलेले दात लावून पाहणे, मग तयार कवळी. अशी कवळी ऑपरेशनपूर्वी काढून ठेवली आणि आणखी तीन-चार कवळ्यांत मिसळली, तर?

दिसायला सगळ्या सारख्याच, गुलाबी पाया आणि पांढरे दात. बसायला मात्र प्रत्येक वेगळी. हिरडी आणि कवळी यांच्यामधल्या लाळेच्या पातळ थरामुळे कवळी धरून राहते. दोन्हींचे आकार तंतोतंत जुळले तरच तो थर पातळ राहतो. दुसऱ्याची कवळी सुटते, घासते, हिरडीला जखमा करते. म्हणून कवळीवर नाव हवे.

नुसते पेनाने लिहिलेले नाव रोजच्या घासण्याने जाते. दंतवैद्य कवळीच्या गालाकडच्या बाजूस, मागच्या दाढांजवळ उथळ खाच पाडतात, तीत नावाची पट्टी ठेवतात आणि वरून पारदर्शक अ‍ॅक्रिलिक भरतात. पावडर आणि द्रव मिसळले की द्रवातले छोटे रेणू एकमेकांना जोडून लांब साखळ्या होतात, मिश्रण घट्ट बनते. मग पॉलिश. पट्टी कागदाची असली तर आगीत जळेल. स्टेनलेस स्टीलची टिकण्याची शक्यता बरीच जास्त, कारण तोंडात मागच्या बाजूला गाल आणि जीभही तिला झाकतात.

अ‍ॅक्रिलिक किती चिवट? १९४९ मध्ये इंग्लंडमध्ये जॉन हेग याने एका बाईंचा खून करून देह सल्फ्युरिक आम्लात विरघळवला. कवळी मात्र शिल्लक राहिली. तिच्यावर नाव नव्हते. बाईंच्या दंतवैद्य हेलन मेयो यांनी ती आपण केलेली म्हणून ओळखली. त्या सापडल्या नसत्या तर?

नावात काय लिहायचे, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. मेळघाटात कास्देकर, जांभेकर, बेठेकर ही आडनावे गावोगाव आहेत. नुसते आडनाव लिहून काय उपयोग? पूर्ण नाव आणि गाव लिहावे, असे आम्हाला वाटते. रुग्णालयाचा क्रमांक चालेल, पण ती नोंदवही वीस वर्षांनीही सापडली पाहिजे! अमेरिकेतील काही राज्यांत कवळीवर खूण करणे कायद्यानेच बंधनकारक आहे.

वर्गात करून पाहण्याजोगे: प्लॅस्टिकच्या जुन्या पट्टीचे दोन भाग पॉलिश पेपरने घासा. दोन्हींवर पेन्सिलीने नाव लिहा. एकावर पारदर्शक नेलपॉलिशचे दोन हात द्या, वाळू द्या. आता दोन्ही पाण्यात बुडवून जुन्या टूथब्रशने रोज शंभर वेळा घासा. कोणते नाव किती दिवस वाचता येते, ते वहीत लिहून ठेवा. खऱ्या कवळीवर हा प्रयोग करू नका. ते काम दंतवैद्याचे.