खपली निघेपर्यंत

ग्वाल्हेरच्या लष्कर भागात, आमच्या वाड्याच्या चौकात चार अलॉय रिम फरशीवर मांडल्या होत्या. १४ इंची, गाडीबरोबर आलेल्या. दोन वर्षांपूर्वी एका दुकानात त्यांना चंदेरी रंग मारून घेतला होता. जुना रंग न काढता, वरच्यावर. पहिल्याच पावसाळ्यात कडेला फोड आले. एक फोड नखाने उचलला, तर खाली पांढऱ्या बारीक रेघा, वाळवीने लाकडात वाट काढावी तशा.

टायर उतरवून देणाऱ्या म्हाताऱ्या मिस्त्रींनी त्या पाहिल्या आणि म्हणाले, “भैया, ऊपर से मत पोतना. ये सफेदा अंदर ही अंदर चलता है.” त्यांचं अगदी खरं होतं. फुटपाथच्या दगडाला रिम घासते, वरचा पारदर्शक थर चिरतो, चिरेतून ओल आत शिरते. ॲल्युमिनियम गंजून त्याची पांढरी भुकटी होते आणि ती रंगाला खालून उचलत पुढे सरकते. त्यावर नवा रंग मारणं म्हणजे जखम न धुता पट्टी बांधणं. म्हणून ठरवलं, धातू लागेपर्यंत सगळं काढायचं.

मे महिना होता. सकाळी आठ वाजता पेंट रिमूव्हर लावला आणि पाच मिनिटांत तो वाळून गेला. रंग जागचा हलला नाही. दुसऱ्या दिवसापासून पहाटे साडेपाचला सुरुवात केली. ब्रशने जाड थर द्यायचा, एकाच दिशेने, घोटायचा नाही. वर प्लास्टिकची पिशवी पसरायची, म्हणजे तो वाळत नाही. मग थांबायचं. सातव्या-आठव्या मिनिटाला रंगाला सुरकुती पडते. तापत्या दुधावर साय धरावी तशी ती हळूहळू सगळीकडे पसरते. पिशवी काढून प्लास्टिकची पट्टी फिरवली की दुकानातला चंदेरी थर सलग पापुद्र्यासारखा निघून येतो. त्याखाली कंपनीचा पारदर्शक थर, मग मूळचा करडा रंग, आणि सगळ्यात खाली भट्टीत भाजलेला पावडरचा थर. हा शेवटचा फार चिवट. त्याला तीनदा रिमूव्हर लागला. नटाच्या भोकांत आणि आऱ्यांच्या बेचक्यांत जुना दात घासायचा ब्रशच कामाला आला. लोखंडी तारेचा ब्रश मात्र टाळला. त्याचे कण मऊ ॲल्युमिनियममध्ये रुततात आणि पुढे तिथूनच गंज धरतो.

माझ्या डब्यावर डायक्लोरोमिथेन लिहिलं होतं, म्हणून हे स्पष्ट सांगतो. त्याची वाफ हवेपेक्षा जड असते, खाली साचते आणि शरीरात गेली की तिचा कार्बन मोनॉक्साइड होतो. बंद बाथरूममध्ये काम करताना माणसं गेली आहेत; अमेरिकेने २०१९ मध्ये घरगुती वापरासाठी अशा रिमूव्हरची विक्री बंद केली. तोंडाला बांधलेला रुमाल किंवा साधा मास्क ही वाफ अडवत नाही, आणि भांडी घासायचे पातळ हातमोजे तिच्यापुढे टिकत नाहीत. काम उघड्यावरच करावं, तेही वाऱ्याकडे पाठ करून. दुसरा रिमूव्हर मिळत असेल तर तोच घ्यावा. कुणी कॉस्टिक सोडा सुचवला तर ऐकू नये. तो रंगाबरोबर ॲल्युमिनियमही खातो. ब्लोटॉर्चही नको. या रिमचं बळ कारखान्यात दिलेल्या उष्णतेच्या संस्कारातून आलेलं असतं, ते जास्त तापवल्याने जातं.

खरवडलेला चिखल भुशात कालवून डब्यात बंद केला. चौकातली मोरी शेवटी स्वर्णरेखेलाच मिळते, आणि त्या नदीने पुष्कळ सोसलं आहे.

मग पाण्याचा पॉलिश पेपर. आधी १२० नंबरचा, मग २४०, मग ४००. पाण्यामुळे धूळ उडत नाही. हळूहळू खालचा धातू दिसू लागला, झाकपाक नसलेला, फिक्या राखाडी रंगाचा. मला तो कुठल्याही रंगापेक्षा देखणा वाटला.

चौथ्या रिमच्या आतल्या अंगाला, आऱ्याच्या मुळाशी, केसासारखी एक रेघ दिसली. पेपरचा ओरखडा असेल म्हणून मी घासत राहिलो. रेल्वेतून निवृत्त झालेले काका शेजारी उकिडवे बसले होते. म्हणाले, “घासू नकोस. रॉकेल लाव, थोडा वेळ मुरू दे, कोरडं पुसून घे आणि वरून खडूची पूड भुरभुरव.” तसं केलं. काही मिनिटांत पांढऱ्या पुडीवर ओली काळपट रेघ उमटली, अंगठ्याच्या पेराएवढी लांब. तडा होता. आत मुरलेलं रॉकेल खडूने ओढून वर आणलं होतं.

दोन वर्षं त्या रिमवर आम्ही झाशी रोडने घरची माणसं घेऊन गेलो होतो. वरून ती चारही रिममध्ये सर्वांत चकचकीत होती.

तडा वेल्डिंगने भरून देतो म्हणणारे भेटले. आऱ्याच्या मुळाशी असलेला तडा भरून चालत नाही. तिन्ही रिमना एपॉक्सी प्रायमर आणि रंग दिला. नट जिथे टेकतात आणि रिम जिथे हबला बसते ती जागा कोरी ठेवली, कारण तिथला रंग दबला की नट सैल होतात. चौथी रिम भंगारात देण्याआधी करवतीने कापली, म्हणजे रंगवून ती पुन्हा कुणाच्या गाडीला लागणार नाही. तुम्ही रिम रंगवायला काढाल तेव्हा समोरचीच बाजू खरवडून थांबू नका. ती उलटी करा, आऱ्यांची मुळं धातूपर्यंत साफ करा आणि तिथे रॉकेल-खडू लावून पाहा.